प्रयोगानंतर आत जाणं

मागच्या व्याख्यानात आपण श्रीशंकुकाच्या चित्रातल्या घोड्यापाशी थांबलो होतो. वेळ संपली म्हणून थांबलो, घोडा काही संपला नव्हता. तो आज पुन्हा लागणार आहे. ज्यांनी ते व्याख्यान ऐकलेलं नाही त्यांचं काही अडणार नाही, ओघात सांगेनच.

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकानं मला फोनवर विचारलं, "सर, यात तत्त्वज्ञान कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. नाटक संपल्यावर काही प्रेक्षक नटांना भेटायला आत जातात, एवढाच विषय आहे. मी पन्नासहून अधिक वर्षं नाटकं पाहतो आहे. त्यातली पहिली पंचवीस-तीस वर्षं माझं मत असं होतं की या प्रकाराबद्दल बोलण्यासारखं काही नाही, आणि खरं तर तो न केलेलाच बरा. ते मत पुढे बदललं. कशानं बदललं, कितपत बदललं आणि अजून कुठे अडतं, तेवढं सांगतो.

आधी ते दृश्य डोळ्यांसमोर आणू. पडदा पडतो, पुन्हा उघडतो, नट रांगेत उभे राहून नमस्कार करतात, दिवे लागतात. बहुतेक लोक स्कूटर काढायला किंवा रिक्षा गाठायला पळतात. थोडे लोक मात्र उलट दिशेनं निघतात. रंगमंचाच्या बाजूचं छोटं दार, चार पायऱ्या, मग विंग. तिथे नेपथ्याची माणसं फ्लॅट सोडवायला लागलेली असतात, कारण टेम्पो भरायचा असतो. जो दिवाणखाना आपण दोन-अडीच तास खरा धरला, त्याची पाठ दिसते. लाकडी टेकू, खिळे, खडूनं लिहिलेले आकडे. पुढे रंगपट. आरशाभोवती बल्ब, पावडरीचा आणि घामाचा वास, हँगरवर मघाशी मेलेल्या माणसाचा सदरा. आणि तो माणूस खुर्चीत बसलेला, गळ्यात टॉवेल, अर्धा चेहरा पुसून झालेला. कोपऱ्यात व्यवस्थापक नाईटची पाकिटं वाटतोय. दारात आपण. आणि आपल्याला काय बोलावं ते सुचत नाही. "छान झालं," आपण म्हणतो. तो म्हणतो, "थँक यू." संपलं.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो असताना नातीनं मला ब्रॉडवेवरचं एक संगीत नाटक दाखवलं आणि नंतर नाट्यगृहाच्या बाजूच्या एका दाराशी लोखंडी कठड्यामागे थंडीत उभं केलं. त्या दाराला तिकडे स्टेज डोअर म्हणतात. प्रत्येकाच्या हातात 'प्लेबिल' नावाची पुस्तिका आणि जाड मार्कर. नट एकेक करून बाहेर येतात, सह्या करत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि गाडीत बसतात. नटावर याची सक्ती नाही. आला तर आला, दुसऱ्या दारानं गेला तर गेला. कोविडनंतर 2021 मध्ये तिथली नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हा नाटकं सुरू झाली, पण ही भेट बंद ठेवली होती. नातीला त्याचं फार वाईट वाटलं होतं. नाटक परत आलं, पण अर्धंच आलं, असं ती म्हणाली होती.

मला तिथे उभं असताना जाणवलं ते हे, की तिथे नट बाहेर येतो आणि आपल्याकडे प्रेक्षक आत जातो. फरक साधा वाटतो, पण साधा नाही. तिथे तो स्वतःचे कपडे घालून, टोपी डोक्यावर ओढून, एक नागरिक म्हणून रस्त्यावर येतो. भूमिका आत खुंटीला टांगून आलेली असते. आपण मात्र त्याला मधल्या जिन्यावर गाठतो. तो अजून पुरता उतरलेला नसतो. त्यामुळे आपल्या पद्धतीत 'मी भेटायला आलोय तो कोणाला?' हा प्रश्न जास्त टोचतो.

आता घोडा. शंकुकाचं म्हणणं आपल्याला अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून कळतं. रंगमंचावर रामाची भूमिका पाहताना आपल्याला काय वाटतं? 'हा रामच आहे' असं वाटत नाही. 'हा राम नाही' असंही वाटत नाही. 'राम असेल की नसेल' असा संशयही नसतो, आणि 'हा रामासारखा दिसतो' अशी तुलनाही आपण करत नाही. या चारांहून वेगळंच ज्ञान असतं ते, चित्रातल्या घोड्याला आपण सहज घोडा म्हणतो तसं. शंकुकाच्या एकूण सिद्धान्तावर अभिनवगुप्तानं भरपूर टीका केली आहे, पण घोडा हजार वर्षं टिकला. त्याच्या जोडीला भट्टनायकाचं साधारणीकरण घ्या. रंगमंचावरचं दुःख या माणसाचं नसतं, त्या माणसाचं नसतं, माझं नसतं की माझ्या शत्रूचं नसतं. ते कुणाचंच उरत नाही, म्हणून तर आपण ते चाखू शकतो.

हे दोन्ही वर्गात शिकवणाऱ्या माणसाला रंगपटात जाणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा वाटायचा. जे कष्टानं साधारण झालं ते पुन्हा 'यांचं' करायला निघालात तुम्ही! चित्रातल्या घोड्याला हरभरे घालायला गेल्यासारखं. आपल्याच रंगभूमीवरचं उदाहरण घ्या. 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगमंचावर आलं. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी गेले होते, त्यांना आपलं हे नाटक उभं राहिलेलं पाहायलाही मिळालं नाही. सिंधू होते बालगंधर्व. सिंधूचं मरण पाहून डोळे पुसत जो कुणी आत गेला असेल, त्याला तिथे सिंधू कशी भेटणार? भेटणार ते नारायणराव राजहंस. मग त्यानं आपलं रडणं नेऊन कोणाच्या हातात द्यायचं? किंवा नीळूभाऊ फुले घ्या. राष्ट्र सेवा दलातून आलेला माणूस, आयुष्यभर चळवळींच्या बाजूनं उभा राहिलेला. पण पाटील-सावकार इतके चोख केले की गावोगावी बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या असं सांगतात. त्या बायकांना मी माझ्या व्याख्यानांत अनेकदा हसलो आहे. आता हसत नाही.

तर मी आत जायचो नाही. माझी पत्नी जायची. ती शाळेत मराठी शिकवायची, आणि प्रत्येक नाटकानंतर, आवडलं असेल तर, आत जाऊन भेटून यायची. न आवडलं तर सरळ घरी. मी बाहेर वड्याच्या गाडीपाशी उभा. हे आमचं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. ती परत आली की मी विचारायचो, "काय, भेटला का घोडा?" हा विनोद तिला पहिल्यांदाही आवडला नव्हता.

एका नाटकाचं सांगतो. नाटकाचं नाव सांगत नाही, नटाचंही नाही. दोन्ही चांगली होती. कौटुंबिक नाटक, दुसऱ्या अंकात मुलगा वडिलांना सांगतो की राहतं घर विकायचं ठरलंय. वडील काही बोलत नाहीत. चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात, पुन्हा लावतात आणि म्हणतात, "बरं." बस. त्या दिवशी पाऊस होता म्हणून मीही आडोशाला विंगेपर्यंत गेलो होतो, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलेलं आहे. ही आत गेली आणि त्या नटाला म्हणाली, "तुम्ही चष्मा पुसलात ना, माझे वडील अगदी असेच करायचे. वाईट बातमी आली की आधी चष्मा पुसायचे. जशी काही बातमी काचेवरच आहे."

तो नट टॉवेल हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "मी चष्मा पुसला?"

"हो. 'बरं' म्हणायच्या आधी."

त्यानं शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला, म्हणजे नाटकातल्या मुलाला, विचारलं, "अरे, मी चष्मा पुसला का रे?" तो म्हणाला, "हो काका, आज पुसलात. मला वाटलं वाक्य विसरलात." मग उलगडा झाला. दिव्यांच्या उष्णतेनं आणि घामानं काच धुरकट झाली होती. हातानं आपोआप पुसली. तालमीत नव्हतं, संहितेत नव्हतं, त्याच्या लक्षातही नव्हतं.

स्कूटरवरून घरी येताना मी अर्थातच खूश होतो. "बघ, म्हणजे तुझे वडील आठवले ते घामामुळे. कलेचा काही संबंध नाही. अपघात आहे तो." ती मागून म्हणाली, "मग माझे वडील काय ठरवून पुसायचे?"

मी त्यावर काही बोललो नाही. चौक आला होता, असं म्हणू.

पण वाद डोक्यात राहिला, आणि अशा वेळी प्राध्यापक जे करतो ते मी केलं, पुस्तक काढलं. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो यानं नटाच्या विरोधाभासावर एक संवाद लिहिला आहे. लिहिला 1770 च्या दशकात, छापून आला 1830 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी. त्याचं म्हणणं असं, की थोर नट रंगमंचावर भावना भोगत नाही. तो थंड डोक्यानं त्यांची चिन्हं दाखवतो, म्हणून शंभराव्या प्रयोगालाही तो पहिल्याइतकाच चांगला असतो. गॅरिक या इंग्रज नटाचं उदाहरण तो देतो. दाराच्या दोन फळ्यांमधून गॅरिकनं नुसतं डोकं बाहेर काढलं आणि काही सेकंदांत चेहरा उन्मत्त आनंदापासून निराशेपर्यंत पायरी पायरीनं उतरवून दाखवला, आणि पुन्हा वर नेला. गॅरिकला त्या क्षणी ना आनंद झाला होता ना दुःख. याच संवादात एक जागा आहे जी माझ्या विषयाशी थेट भिडते. प्रयोग संपल्यावर काय होतं? नटाचा आवाज बसलेला असतो, अंग थकलेलं असतं, तो कपडे बदलतो आणि झोपायला जातो. दुःख नटापाशी राहत नाही, ते प्रेक्षक घरी घेऊन जातो. नट नुसता दमलेला असतो.

मला वाटलं, झालं, मी जिंकलो. दमलेल्या माणसाकडे जाऊन आपलं दुःख त्याला दाखवायचं कशाला? त्याचा त्याच्याशी संबंधच नाही! मी हे तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग त्याला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"काय झालं ते."

मित्रहो, मी तीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. चित्रकार दोन पावलं मागे सरतो आणि आपलं चित्र बघतो. लेखक चार दिवसांनी कागद काढून वाचतो. नट? आठशे माणसांच्या नाट्यगृहात एकच माणूस असा असतो ज्याला त्याचं काम दिसत नाही, आणि तो म्हणजे तो स्वतः. त्याला ते आतून माहीत असतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे वळायचं, खुर्ची कुठे आहे. बाहेरून ते काय होतं, हे त्याला कधीच ठाऊक नसतं. आणि पडदा पडल्यावर ते जगात कुठेच नसतं. त्याच्यापाशीही नाही. ते असतं फक्त रिक्षा शोधत पळणाऱ्या त्या लोकांपाशी.

म्हणजे मी उलटा विचार करत होतो. मला वाटत होतं की आत जाणारा प्रेक्षक काहीतरी मागायला जातो: सही, ओळख, थोडं वलय. पुष्कळ जण तेवढ्यासाठी जातातही. पण त्या रात्री ती मागायला गेली नव्हती. नटाच्या मालकीची एक वस्तू तिच्यापाशी राहिली होती, ती द्यायला गेली होती. त्याचा चष्मा. बोटं मोडणाऱ्या त्या बायकांचंही तसंच. भूमिका कुठवर पोचली याची पावतीच होती ती, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, टाळ्या असतात की. असतात. पण टाळी सांगते 'किती', ती 'काय' सांगत नाही. तुम्ही म्हणाल, आता व्हिडिओ असतो, नट आपलं काम पाहू शकतो. पाहू दे. कॅमेऱ्याला आवंढा येत नाही. चष्मा पुसला हे व्हिडिओत दिसेल, तिसऱ्या रांगेतल्या एका बाईला तिथे वडील दिसले हे दिसणार नाही.

आपल्या परंपरेला हे माहीत होतं, असं मला आता वाटतं. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे, म्हणजे प्रयोग साधला हे ओळखायचं कशावरून. भरतमुनी मानुषी सिद्धीची चिन्हं मोजून सांगतात. प्रेक्षक स्मित करतो, मोठ्यानं हसतो, 'साधु' म्हणतो, 'अहो' म्हणतो, हळहळतो, अंगावर काटा येतो, जागेवरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून देतो. वस्त्र! आपण हल्ली शालही दुसऱ्यानं आणलेली देतो. आणि या सगळ्याच्या वर दैवी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेलं आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, कसला उत्पात नाही. म्हणजे सर्वांत मोठं यश तेच, ज्यात नटाला काहीच ऐकू येत नाही. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षक पदाला वन्स मोअर देऊन तिथल्या तिथे हिशेब चुकता करत होता. आज आपण अंधारात, मोबाइल बंद करून, गप्प बसतो. प्रयोगभर सगळी उधारी. मग ती कुठेतरी फेडायला नको का?

या दृष्टीनं मी 'नटसम्राट' पुन्हा वाचलं. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 मध्ये गोवा हिंदू असोसिएशननं रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन दारव्हेकरांचं, आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, जे चांगले कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि ते सोडून पूर्णवेळ नट झाले. मी ते विद्यार्थी असताना सगळ्यात स्वस्त तिकीट काढून वरून पाहिलं. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा तत्त्व आड आलं नाही, चप्पल आड आली, अंगठा तुटलेला होता. त्या नाटकावर आपण नेहमी काय बोलतो? मुलांनी आईबापांना घराबाहेर काढलं. आधी देऊन टाकलेलं आणि मग हात पसरणं. लिअरशी तुलना. ते सगळं आहे. पण नाटक सुरू होतं सत्कारानं, हे आपण विसरतो. निवृत्त नटाला लोक हार घालतात, तो बोलतो, लोक ऐकतात. साक्षीदार समोर आहेत. त्यानंतर घरात, मुलाकडे, मुलीकडे एकेक साक्षीदार कमी होत जातो. बेलवलकर आपल्या जुन्या भूमिकांतली भाषणं म्हणत राहतात. आपण म्हणतो, काय स्मरणशक्ती. पण ही शब्दांची स्मृती आहे, आतली बाजू आहे. त्यांनी केलेला ऑथेल्लो त्यांनी पाहिलेला नाही. तो ज्यांनी पाहिला ते आता आसपास नाहीत, आणि जे आसपास आहेत त्यांना तो म्हातारा बडबडतोय असं वाटतं. माझ्या मते या नाटकातली खरी बेघर अवस्था ही आहे. बूटपॉलिशवाला राजा त्यांना आसरा देतो तेव्हा तो जागा देतोच, पण तो ऐकूनही घेतो. या बाजूनं या नाटकाकडे आपल्या समीक्षेनं कमी पाहिलं. घर, पैसा, मुलं यांतच आपण फार रमलो.

इथे थांबता आलं असतं. मत बदललं, पत्नी जिंकली, सुखान्त. पण त्या चष्म्याची गोष्ट पुरी झालेली नाही.

पाच-सहा महिन्यांनी तेच नाटक पुन्हा लागलं. आम्ही गेलो. दुसरा अंक आला, मुलानं घराचं सांगितलं. नटानं चष्मा काढला. सावकाश. उजेडाकडे धरून पाहिला. सदऱ्याचं टोक घेतलं. एक काच पुसली, थांबला, दुसरी पुसली. लावला. "बरं." नाट्यगृहात असा एक सुस्कारा उठला आणि मग टाळ्या. गेल्या वेळी त्या जागी टाळ्या नव्हत्या. मी हिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. त्या दिवशी ती आत गेली नाही. स्कूटरवर एवढंच म्हणाली, "सांगायला नको होतं."

दिदरो म्हणेल, यात बिघडलं काय? कला अशीच होते. अपघातानं हाताला लागलेलं नट निवडतो, घोटतो, रोज त्याच जागी ठेवतो. लोकांनी टाळ्या दिल्या म्हणजे ते पोचलं. तिला मी हेच सांगितलं, जोर लावून सांगितलं, आणि सांगताना मलाच पटत नव्हतं. तिचे वडील त्या नटाच्या हातून गेले होते आणि तिनंच ते घालवले होते. नटानं प्रामाणिकपणेच काम केलं. तिनं दिलेली वस्तू त्यानं जपून वापरली. पण साक्ष दिल्यानं ज्याची साक्ष द्यायची तेच बदलतं, याला माझ्यापाशी उत्तर नाही. न्यायालयात असं होत नाही. नाट्यगृहात होतं, कारण उद्या पुन्हा प्रयोग असतो.

त्यानंतर ती आत जायची थांबली नाही. पण बोलणं बदललं. एक-दोनदा मी दारापर्यंत गेलो तेव्हा कानावर पडलं. "मी तिसऱ्यांदा पाहिलं." "दुसऱ्या अंकात रडू आलं." कशानं, ते सांगायची नाही. एका तरुण नटानं खोदून विचारलं, "कुठे नेमकं?" तर हसून म्हणाली, "ते माझ्याकडे राहू द्या."

आता आजच्या चित्राबद्दल, जास्त वेळ घेत नाही. आत जाणारे वाढलेत आणि बोलणारे कमी झालेत. सेल्फीत काय होतं ते नीट पाहिलंत का? ज्याला भेटायला आलो त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. दोघं जण फोनकडे बघतात, एकमेकांकडे कुणीच बघत नाही. अर्थात सहीसुद्धा काही मोठं संभाषण नव्हतं, आणि बुजऱ्या माणसाला फोन हे निमित्त असतं, हेही खरं. मी त्या मुलांना नावं ठेवायला आलेलो नाही. चिंता वाटते ती वेगळ्याची. 'मी द्यायला आलोय' असं म्हणत काही लोक फार काही घेतात. अभिनेत्रींना विचारा. हात हातात घेऊन न सोडणारे, भूमिकेतल्या बाईशी बोलावं तसं त्या बाईशी बोलणारे, 'तुम्ही प्रत्यक्षात बारीक दिसता' असं सांगणारे. नटाची नाईट पडद्याबरोबर संपते. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट त्याच्या घरचा आहे. बस उभी असते, उद्या दुसऱ्या गावात प्रयोग असतो. दार लावून घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्यानं प्रेक्षकाचा अपमान होत नाही. आणखी एक. आत कोण जातो? ओळखीचा, पुढच्या रांगेचा, बऱ्या कपड्यांचा. बाल्कनीतला माणूस बसपाशी उभा राहतो आणि काचेतून हात हलवतो. सगळ्यात स्वस्त तिकिटावरून काय दिसलं, हे नटाला बहुधा कधीच कळत नाही. माझ्या तुटक्या चपलेमुळे बेलवलकरांचं एक टिपण कायमचं राहून गेलं.

पत्नी जाऊन आता चार वर्षं होतील. गेल्या वर्षी मी एकटा एका नाटकाला गेलो. जागा शेवटून तिसऱ्या रांगेत मिळाली. नाटक संपलं आणि मी त्या बाजूच्या दाराकडे वळलो. गुडघ्यांमुळे चार पायऱ्यांना वेळ लागला. रांगेत सगळी पंचविशीच्या आतली मुलं. एका मुलीनं फोन माझ्या हातात दिला, "आजोबा, काढाल प्लीज?" काढला. माझा हात थोडा हलतो, फोटो कसा आला असेल देव जाणे.

मग माझी पाळी आली. मुख्य भूमिका करणारी मुलगी केसांतल्या पिना काढत होती. म्हणाली, "काका, कसं वाटलं?" मी म्हटलं, "चांगलं झालं. मी अगदी मागे होतो. शेवटी तुम्ही खिडकीकडे तोंड करून एक वाक्य म्हणता, ते आमच्यापर्यंत पोचलं नाही." तिचा हात थांबला. तिनं हाक मारून साहाय्यक दिग्दर्शकाला बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. कुठली रांग, कुठली बाजू, आधीचं वाक्य ऐकू आलं होतं का. त्यानं मोबाइलवर टिपून घेतलं. ती म्हणाली, "मागच्या महिन्यापासून मला शंका येतेय, कुणी बोलतच नाही. पुढच्या प्रयोगाला वळून म्हणते." मी बरं म्हटलं आणि निघालो.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. त्या वाक्याच्या वेळी माझ्या शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "मलाही नाही ऐकू आलं." पण तोवर त्यांनी रुमाल काढलेला होता.

ते सांगायला हवं होतं की नको, हे माझं अजून ठरत नाही. तुमच्यात कोणी रंगभूमीवर काम करणारे असतील तर त्यांनीच सांगावं. प्रश्न घेऊ या.